अकराव्या थराचा पहारा

बाबूजींनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी चुकलो नाही म्हणून.

नोकरीचा पहिलाच दिवस होता. नागपुरात एका धरण प्रकल्पाच्या नकाशा विभागात मी ड्राफ्ट्समन म्हणून लागलो होतो आणि बाबूजी तिथले हेड ड्राफ्ट्समन. त्यांनी माझ्यासमोर एक नकाशा टाकला, त्यावर ट्रेसिंग पेपर पसरला आणि त्यातली एक वळणावळणाची रेषा उतरवायला सांगितली. मी श्वास रोखून ती उतरवली. बाबूजींनी डिव्हायडरच्या दोन टोकांनी ती ठिकठिकाणी मोजली. चष्मा घालून मोजली, चष्मा काढून मोजली. मग माझ्याकडे बघत म्हणाले, "चुकला नाही. काहून नाही चुकला गा?"

मी म्हणालो, "नीट काढली म्हणून, बाबूजी."

"पहिल्या दिवशी सगळेच चुकतात. जो चुकत नाही, त्याले कोणी तरी शिकवून पाठवलं असते. तुले कोणं पाठवलं?"

मला माझ्या मामांनी पाठवलं होतं. पण ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

बाबूजी अंगाने बारीक. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, आणि नजर सतत समोरच्याच्या हातांवर. तोंडाकडे बघून ते कधीच बोलत नसत. ऑफिसच्या आवारात सायकलला दोन कुलपं लावायचे, आणि तेवढ्यानं भागत नाही म्हणून सीट काढून वर घेऊन यायचे. ती सीट दिवसभर वर्तमानपत्रात गुंडाळलेली टेबलावर असायची. नव्या माणसाला वाटायचं, बाबूजींनी डबा आणलाय. एकदा एका कंत्राटदाराने लाडीगोडीने विचारलं, "आज भाजी कोणती, बाबूजी?" त्या कंत्राटदाराची बिलं नंतर बाबूजींनी तीन-तीनदा तपासली. ऑफिसात आपल्या डब्याची चौकशी करणारा हा कोण, असा त्यांचा सवाल होता.

शाईची बाटली त्यांची स्वतःची. झाकणावरून दोरा घेऊन त्याला ते एक विशिष्ट गाठ मारायचे, म्हणजे त्यांच्या मागे कोणी उघडली तर कळावं. ती विणकराची गाठ होती. त्यांचे वडील इतवारीच्या पलीकडच्या वस्तीत हातमागावर लुगडी विणायचे. बाबूजी शिकले, सरकारी नोकरीत आले, माग सुटला, पण गाठ बोटांत राहिली. तशी गाठ आमच्यात कोणालाच जमत नव्हती, आणि मी खूपदा प्रयत्न केला हे आता सांगायला हरकत नाही.

चहाचंही तेच. पोऱ्याने कप ठेवले की बाबूजी आपला कप शेजाऱ्याच्या कपाशी बदलायचे. शेजारी माझ्यासारखा वात्रट असला तर तो पुन्हा बदलायचा. मग बाबूजी पुन्हा. चहा पार गार होईपर्यंत आमचं हे चालायचं आणि शेवटी दोघेही साय आलेला चहा मुकाट्याने प्यायचो.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "काही तरी सरकलं." भिंतीवरचं घड्याळ मागे पडलं, काही तरी सरकलं. टेबलावर ऊन कालच्यापेक्षा जास्त आलं, काही तरी सरकलं. आणि लगेच पुढचा प्रश्न, "कोणं सरकवलं?" जगात एखादी वस्तू आपली आपण सरकते, हे त्यांना मान्यच नव्हतं. आम्ही त्यांच्या पाठीमागे नकला करायचो, पोट धरून हसायचो. पण संशयाची लागण होते. चार महिन्यांत मीही घरी गेल्यावर आपली उशी कोणी हलवली का ते बघू लागलो होतो.

आमचं काम धरणाच्या खोऱ्याचं मॉडेल करायचं होतं. ते समजायला सोपं आहे. नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा असतात. त्यातली एकेक रेषा वेगळ्या ट्रेसिंग पेपरवर उतरवायची. तो कागद मागच्या टिनाच्या शेडमध्ये न्यायचा. तिथे मिस्त्री तो प्लायवूडवर ठेवून रेषेवर सुईने टोचे पाडायचा, वरून खडूची पूड चोळायचा आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून बारीक करवतीने लाकूड कापायचा. हा झाला एक थर. असे थर एकावर एक चढवले की टेकड्या, नाले, सगळं खोरं डोळ्यांसमोर उभं राहायचं. आज म्हणे मशीनला आकडे दिले की ते आपलं आपणच थर चढवतं. आमच्या वेळी रेषेला नकाशावरून कागदावर आणि कागदावरून लाकडावर हातानेच जावं लागायचं, आणि बाबूजींचा सगळा जीव त्या दोन उड्यांमध्ये टांगलेला असायचा.

खालचे दहा थर हिवाळ्यात बिनबोभाट चढले. अकरावा थर राहिला होता, आणि तोच महत्त्वाचा होता. धरण पूर्ण भरलं की पाणी कुठवर येईल, ती रेषा म्हणजे अकरावा थर. त्या लाकडावर जे राहील ते कोरडं, त्याच्या काठाबाहेर जाईल ते पाण्यात. गावांच्या जागा दाखवायला बाबूजींनी खालच्या पाटाच्या चारही कडांना खिळे ठोकले होते. समोरासमोरच्या खिळ्यांना दोरे ताणायचे, एक उभा, एक आडवा. ते जिथे एकमेकांवरून जातील, तिथे गाव. बहुतेक गावांचा निकाल नुसत्या डोळ्यांनी लागत होता. एकाच गावाचा लागत नव्हता, कारण नकाशावर रेषा त्याला अगदी चिकटून जात होती. त्या गावाचं नाव बोरखडी.

सुमनबाई आमच्याकडे ट्रेसर होत्या. नोकरी तात्पुरती. दर काही महिन्यांनी साहेबांनी मुदतवाढीवर सही केली की पुढे चालू. हात असा स्थिर, की त्यांची रेष बघून मला माझ्या रेषेची लाज वाटायची. बाबूजींनाही त्यांचं काम आवडायचं, म्हणजे ते त्यांच्यावर इतरांपेक्षा थोडा कमी संशय घ्यायचे.

एप्रिलमध्ये सुमनबाई सुट्टी घेऊन गावी जाऊन आल्या आणि येताना सगळ्यांसाठी भिवापुरी मिरचीच्या पुड्या घेऊन आल्या. बाबूजींनी पुडी हातात घेतली, हुंगली.

"फसकिलास आहे. कुठून आणली बाई?"

"घरची आहे, बाबूजी. आमच्या वावरातली."

"कोण्या गावी?"

"बोरखडी."

बाबूजींनी पुडी हळूच टेबलावर ठेवली. "तुम्ही बोरखडीच्या होय? कधी बोलल्या नाही."

"तुम्ही कधी विचारलं नाही," सुमनबाई हसून म्हणाल्या.

बाबूजी हसले नाहीत. त्या दिवसापासून ते सुमनबाईंच्या हातांकडेच बघू लागले. अकराव्या थराचा कागद सुमनबाईंनीच करायचा होता, कारण तेवढं बारीक काम दुसऱ्या कोणाच्या हातून झालं नसतं. पण तो पूर्ण होताच बाबूजींनी त्यांच्याकडून घेतला आणि सरळ साहेबांच्या खोलीत नेला. साहेबांच्या खिडकीखाली नकाशांचा रुंद ड्रॉवर होता. ऑफिसात चांगलं कुलूप एवढं एकच. चावी बाबूजींनी जानव्यासारखी गळ्यात घातली. शेडमध्ये मिस्त्री हातातलं काम आटपेपर्यंत, म्हणजे दुपारभर, कागद तिथे राहिला. मग बाबूजींनी स्वतः तो काढून शेडमध्ये नेला आणि मिस्त्री टोचे पाडत असताना त्याच्या डोक्यावर उभे राहिले.

थर कापून झाला. खोऱ्यावर ठेवला. दोरे ताणले. बोरखडी लाकडावर आली, कोरडी.

सुमनबाई शेडच्या दारात उभ्या होत्या. पदर तोंडाला लावून भराभर निघून गेल्या. मला फार बरं वाटलं. साहेबही खूश झाले. ते म्हणाले, मीटिंगमध्ये हेच दाखवू, एक गाव वाचलं म्हणजे तेवढं लफडं कमी. सुमनबाई त्याच रविवारी गावी जाऊन आल्या.

बाबूजी मात्र थर चिकटवू देईनात. त्यांनी कापलेलं लाकूड मूळ नकाशाशी ताडून पाहिलं. एका टोकाला बरोबर, आणि बोरखडीकडच्या टोकाला दोन ज्वारीच्या दाण्यांएवढा काठ पुढे.

"सरकलं," बाबूजी म्हणाले. या वेळी त्यांच्या आवाजात आनंद होता, असं मला वाटलं आणि मी त्यांच्यावर मनातून चिडलो.

आता यातली गंमत बघा. सुमनबाईंचा ट्रेसिंग पेपर दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये नकाशावर ठेवला तर रेषेवर रेषा बसली. एक केस इकडे नाही की तिकडे नाही. कागद बरोबर, लाकूड चूक. मिस्त्रीने कान पकडून शपथ घेतली की टोचे रेषेवरच पाडले. ते पाडताना बाबूजी स्वतः उभे होते, त्यामुळे त्याला दोष देणं म्हणजे स्वतःच्या पहाऱ्याला दोष देणं. मग बाबूजींनी शोध लावला: बाई दोन कागद करते. दाखवायचा एक, कापायचा दुसरा. कोणी तरी मधल्या मध्ये बदलून राहिलं.

"पण कुलूप तुमचं, चावी तुमच्या गळ्यात," मी म्हणालो.

"म्हणूनच तं विचार करून राहिलो," ते माझ्या हातांकडे बघत म्हणाले. "साहेबाच्या खोलीत तू काहून जात असते रे दुपारी?"

मी दुपारी साहेबांच्या खोलीत सहीचं निमित्त काढून जात होतो, कारण साऱ्या ऑफिसात कूलर त्यांच्या खिडकीतला तेवढाच होता. मे महिना लागला होता. सगळेच जात होतो. बाबूजींनी त्या दिवसापासून सगळ्यांचंच जाणं बंद करून टाकलं.

दुसऱ्यांदा कागद झाला. बाबूजींनी कोपऱ्यात गुपचूप एक बारीक ठिपका दिला, बदलला तर ओळखू यावा म्हणून. पुन्हा ड्रॉवर, पुन्हा कुलूप, पुन्हा शेड. ठिपका जागेवर होता. कागद तोच होता. आणि बोरखडी पुन्हा कोरडी.

मग त्यांनी सुमनबाईंना सगळ्यांसमोर उभं केलं. तो प्रसंग मला अजून आवडत नाही.

"बाई, तुमचे मायबाप त्या गावात आहेत. घर आहे, वावर आहे. खरं सांगा, रेष कशी सरकवून राहिल्या तुम्ही?"

सुमनबाईंचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. "खरं सांगू का, बाबूजी? मनात आलं नाही असं नाही. पेन त्या जागी आलं तेव्हा वाटलं, घ्यावी जराशी इकडे. कोणाले समजते? पण रेष इकडे घेतल्यानं पाणी तिकडेच थांबते का? म्हणून घेतली नाही. आता तुम्हाले जे करायचं ते करा."

मला ते उत्तर पटलं होतं, आणि तरीही मनात एक किडा वळवळत होता, की मग लाकूड कसं चुकतं? बाबूजींच्या सहवासाचा हा परिणाम. बाबूजी साहेबांकडे गेले. साहेबांनी सांगितलं, अजून एकदा थर चुकला तर बाईंच्या मुदतवाढीवर मी सही करणार नाही. मुदतवाढीचा कागद त्यांच्या टेबलावरच पडला होता, महिनाअखेरीला सहीसाठी.

पुढे बाबूजी निवृत्त झाले तेव्हा आम्ही वर्गणी काढून त्यांना सायकलची नवी सीट दिली. त्यांनी कागद सोडला, सीट उलटीपालटी केली, खालचे नट तपासले आणि विचारलं, "जुनीलेच कव्हर तं नाही ना चढवलं?" मग सगळ्यांसमोर रडले. असा माणूस. त्याचा राग धरून बसणं मला कधी जमलं नाही, आणि त्या मे महिन्यात तर मी तसा खूप प्रयत्न केला होता.

कारण त्यांच्या संशयाचा एक नियम होता, जो मला तोवर दिसला नव्हता. त्यातून त्यांनी कोणालाच सोडलं नाही, स्वतःलाही नाही. तिसऱ्यांदा अकरावा थर त्यांनी सुमनबाईंना करू दिला नाही. स्वतः बसले. सकाळभर कागदावरून मान वर केली नाही. रेष उतरवली, नकाशाशी जुळवली, माझ्याकडून जुळवून घेतली. ड्रॉवरमध्ये ठेवली, कुलूप लावलं. दुपारनंतर शेडमध्ये नेली. थर कापला.

बोरखडी कोरडी.

बाबूजींनी दोन्ही दोऱ्यांना बोट लावून पाहिलं. मिस्त्री खाली मान घालून भुसा झाडत होता. "आता मी बी बोरखडीचा झालो का गा?" ते मला म्हणाले. दुसरा कोणी असता तर तिथेच गप्प बसला असता. नाही तरी गाव वाचत होतं आणि साहेबांनाही तेच हवं होतं. बाबूजी उठले, साहेबांकडे गेले आणि म्हणाले, "बाईची सही थांबवू नका. माझ्या हातानं बी तेच झालं. बाई चोर असन तं मी बी चोर." साहेबांनी वैतागून विचारलं, मग चोर कोण? बाबूजी म्हणाले, "तेच पाहतो."

दुसऱ्या दिवशी साहेब दौऱ्यावर होते. बाबूजींनी आपला कागद मोजून पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवला, पण या वेळी ड्रॉवर उघडाच ठेवला आणि समोर खुर्ची टाकून पहारा देत बसले. मला शेजारी बसवलं, साक्षीदार म्हणून. शिपाई येऊन कूलरमध्ये पाणी ओतून गेला. वाळ्याचा वास सुटला. बाहेर रस्ता भाजून निघत होता आणि आम्ही दोघे गारव्यात बसून एका कागदावर डोळे लावलेले. सांगतो, इतकं सुखाचं काम मी त्या नोकरीत दुसरं केलं नाही. मला डुलकी लागली.

जाग आली ती बाबूजींच्या हाकेने. "हात लाव," ते म्हणाले.

मी कागदाला हात लावला. सकाळी कडक, कडकड वाजणारा कागद आता मऊ पडला होता, गार लागत होता. मधे मधे त्याला बारीक लाटा आल्या होत्या, पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेल्या पापडासारख्या. बाबूजींनी डिव्हायडर घेतला. कागदाची लांबी मोजली. पुन्हा मोजली. सकाळपेक्षा ती वाढली होती.

ते मटकन खुर्चीत बसले. "आमचे बाबा मे महिन्यात मागाच्या खड्ड्यात पाणी शिंपडत," ते म्हणाले. "काहून, तं सूत वाळलं की तुटते. ओलं असलं की ताणते. मी बारका होतो तं पाणी शिंपडायचं काम माझंच होतं. कोष्ट्याचा पोट्टा मी, अन् मले समजू नये? कागद बी पाणी पेते ना गा."

मग एकेक करून सगळं उलगडलं. हिवाळ्यात कूलर नव्हता, म्हणून दहा थर बरोबर बसले. अकराव्याचा कागद दुपारभर कूलरच्या खाली राहून फुगायचा आणि ओलसर असतानाच शेडमध्ये लाकडावर टोचला जायचा. रात्रीत सुकायचा आणि सकाळी नकाशाशी तंतोतंत जुळायचा. बाईंवर संशय आला नसता तर बाबूजींनी कागद कुलपात ठेवलाच नसता, आणि रेष जागची हललीच नसती. बाबूजींनी गळ्यातली चावी काढून ड्रॉवरवर ठेवली होती.

कागद हॉलमध्ये उघड्यावर सुकू दिला. या वेळी कोणी पहारा दिला नाही. नकाशाशी जुळल्यावरच शेडमध्ये नेला, शेवटचा थर कापला. बाबूजींनी साहेबांना बोलावलं आणि सुमनबाईंनाही. दोरे ताणायच्या आधी ते सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईनं काही केलं नव्हतं. माझ्या कुलपानं केलं. मी बाईची माफी मागतो."

बाबूजी कोणाची माफी मागताना मी पहिल्यांदाच बघत होतो. सुमनबाईंनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष माफीकडे नव्हतं. त्या दोऱ्यांकडे बघत होत्या.

मी उभा दोरा ताणला. मिस्त्रीने आडवा ताणला. दोन्ही दोरे एकमेकांवरून गेले ते लाकडाच्या काठाच्या बाहेर. खालच्या दहा थरांवर आम्ही निळा रंग दिला होता. दोऱ्यांची फुली त्या निळ्यावर होती.

साहेबांनी खिशातून पेन काढलं, तिथेच मिस्त्रीच्या बाकावर मुदतवाढीचा कागद ठेवून सही केली आणि निघून गेले. सुमनबाईंची नोकरी वाचली होती. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"मी घरी सांगून आली होती, गाव वाचलं म्हणून," त्या म्हणाल्या. "बाबानं घरावर नवे कवेलू टाकले." मग बाबूजींकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तुमचा संशय खरा निघायला पाहिजे होता, बाबूजी. मी चोर असती तं घरी असं सांगितलंच नसतं. मी चोर निघायला पाहिजे होती."

बाबूजींनी डिव्हायडर उचलला. काठापासून दोऱ्यांपर्यंतचं अंतर मोजलं. चष्मा काढून मोजलं, चष्मा घालून मोजलं. कागद पुन्हा मागवला, हाताने चाचपला, गालाला लावून पाहिला, कुठे ओल राहिली का म्हणून. तो खणखणीत वाळलेला होता. खिळे हलवून पाहिले. दोऱ्याच्या गाठी त्यांच्याच होत्या, त्याही बोटांनी तपासल्या. आयुष्यभर ज्याचा धसका घेतला, तेच त्या दुपारी हा माणूस शोधत होता. शेवटी डिव्हायडर माझ्या हातात देत ते म्हणाले, "तू मोज गा. माझ्यावर विश्वास ठेवू नको. नीट मोज. काही तरी सरकलं असन."

टिनाखाली तापून सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले होते. सुमनबाई माझ्या हाताकडे बघत होत्या. मी मोजलं. मग त्यांच्यासाठी पुन्हा मोजलं.

काहीच सरकलं नव्हतं.